शिकारीला कोणत्या संस्थानात जावं?

(देवास येथे आपल्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेरच्या फलकावर विषय वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. एक काकू म्हणाल्या, "अहो, बाप्पापुढे शिकारीच्या गोष्टी कशाला? आरतीनंतर मोदक खायचेत आम्हाला." त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण हा विषय मी शोधला नाही, तो माझ्याकडे चालत आला. तो कसा आला ते आधी सांगतो.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा अमेरिकेत शिकागोकडे असतो. वाढला इथेच, या टेकरीखाली. जून महिन्यात त्याचा फोन आला. "काका, इथे माझ्या ऑफिसातले लोक दर वर्षी एल्कच्या शिकारीला जातात. या वर्षी मलाही बोलावतायत. आमच्या राज्यात त्यासाठी सोय नाही, पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत जावं लागतं. कुठे सोडत निघते, कुठे दुकानाच्या काउंटरवर परवाना मिळतो. कोणत्या राज्यात जावं यावर आमच्यात रोज खल चाललाय. आजोबा शिकारीला जायचे ना? ते कसं ठरवायचे?"

मी त्याला म्हणालो, "बाळा, हा प्रश्न तुझ्या अमेरिकेचा नाही. हा आपल्या माळव्याचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न आहे. तेव्हाही बंदूकवाले लोक हेच विचारत, की शिकारीला कोणत्या राज्यात जावं? फक्त राज्य म्हणजे संस्थान."

फोन ठेवल्यावर मात्र मला जाणवलं, की आपण त्याला उत्तर दिलंच नाही. ते शोधता शोधता आजचं भाषण तयार झालं.

आधी हा एल्क कोण ते पाहू, कारण या नावाचा मोठा गोंधळ आहे. युरोपात एल्क म्हणतात ते जनावर वेगळं, अमेरिकेत त्याला मूस म्हणतात. अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिटी, आपल्या काश्मीरच्या हंगुलाचा नातलग. आणि सिलोनमध्ये गेलेल्या इंग्रजांनी एल्क कुणाला म्हटलं असेल? आपल्या सांबराला! भारतातलं सर्वांत मोठं हरीण ते हेच. पूर्ण वाढलेला नर अडीचशे-तीनशे किलोपर्यंत भरतो. तेव्हा आमच्या पुतण्याचा एल्क आणि त्याच्या आजोबांचं सांबर हे नावापुरते तरी भाऊच लागतात.

आता संस्थानांकडे वळू. मध्य भारतात लहान-मोठी कितीतरी संस्थानं एकमेकांत गुंतलेली होती. आपलं देवास तर जगावेगळं. १७२८ साली तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंनी इथे गादी स्थापली आणि पुढे थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदली. रस्त्याची एक बाजू एका राजाची, दुसरी दुसऱ्याची. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्याने इथल्या आठवणींचं पुस्तक १९५३ साली काढलं, त्याच्या नावातही आपली देवीची टेकरी आहे.

दरबार दोन, मानाच्या तोफा दोघांनाही पंधरा-पंधरा, पण सांबराच्या शिकारीला दोन्ही पात्या तशा गरीबच. कारण दोघांचा बहुतेक मुलूख पठारावरचा. काळी जमीन, ज्वारी-कापूस-गव्हाची शेतं, मधेच एखादा माळ. अशा जागी काळवीट मिळेल, तित्तर-लावा मिळेल, हिवाळ्यात तळ्यावर बदकं उतरतील. सांबराला मात्र उतार लागतो, दाट झाडी लागते, दिवसभर सावलीत पडून राहायला नाला लागतो. ते जंगल विंध्याच्या कडेला, नर्मदेकडे उतरणाऱ्या घाटांत. आज कन्नोद-खातेगावचं रान देवास जिल्ह्यात आहे म्हणून आपण ते आपलं म्हणतो. त्या काळी तो भाग होळकरांच्या नेमावर परगण्यात मोडत होता. म्हणजे देवासच्या माणसाला सांबर हवं असेल तर दुसऱ्याचं दार वाजवणं आलं.

धारकरांची गोष्ट वेगळी. धार संस्थान दोन्ही देवासांच्या बेरजेपेक्षा मोठं, जवळजवळ पावणेदोन हजार चौरस मैलांचं. पठारही त्यांचं, मांडूही त्यांचं आणि विंध्य उतरून नर्मदेकाठच्या धरमपुरीपर्यंतचा मुलूखही त्यांचा. धारला रेल्वे नव्हती, पण महूची छावणी तीस-पस्तीस मैलांवर. तेव्हा छावणीतल्या साहेबाने नकाशा उघडला, की त्याला तीन गोष्टी दिसत. रान कुठे आहे, तिथवर जायचं कसं आणि दरबार कुणाचा आहे. यांतली तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

कारण जनावर दरबाराचं होतं. संस्थानाच्या हद्दीत शिकार करायची तर राजाची परवानगी हवी. गोऱ्या अधिकाऱ्यानेही पोलिटिकल एजंटाच्या मार्फत ती मागायची, अशी रीत होती. वाघ तर बहुतेक ठिकाणी खास राजासाठी आणि त्याच्या पाहुण्यांसाठी राखलेला. शिकारखाना हे दरबाराचं एक खातंच असे. त्यात शिकारी, माहूत, मचाण बांधणारे, रानाची खबर आणणारे असा सगळा लवाजमा. व्हाइसरॉय येणार म्हटल्यावर हे खातं महिना-महिना कामाला लागे. वाघ हा पाहुण्याला द्यायचा नजराणा होता. खूष झालेला पाहुणा पुढे कधीतरी तोफा वाढवील, वारसाचा प्रश्न सोडवील, ही आशा त्यामागे असे. तेव्हा "शिकारीला कोणत्या संस्थानात जावं" याचं खरं उत्तर "जिथला राजा तुमची मर्जी राखू इच्छितो तिथे" असंच होतं.

आणि हाका कोण करत होतं? रानाच्या कडेचे गावकरी. भिल्ल, भिलाले, कोरकू, गोंड. ढोल, डबे, काठ्या घेऊन रांग धरून चालायचं आणि बंदुका उभ्या आहेत त्या दिशेला जनावर काढायचं. बऱ्याच ठिकाणी ही वेठच. मिळालं तर मूठभर धान्य किंवा चार पैसे. जखमी वाघ उलटला तर तो सापडायचा हाकेवाल्यांच्याच रांगेवर. फोटोत मात्र राजा, साहेब आणि वाघ. आपल्यापैकी काहींच्या घरी असे जुने फोटो असतील. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा मागच्या रांगेत, अर्धी कापली गेलेली माणसं शोधा.

ही हौस इंग्रजांच्या आधीची. धारकरांना सांगायला नको, की १६१७ साली बादशहा जहांगीर मांडूत मुक्कामाला होता. तिथेच त्याने आपल्या आयुष्यभराच्या शिकारीचा हिशेब मांडायला लावला. बाराव्या वर्षापासून त्याच्या समोर मारलेली जनावरं-पाखरं २८,५३२, त्यांतली १७,१६७ खुद्द त्याच्या हातची. त्याच मुक्कामात नूरजहाँने सहा गोळ्यांत चार वाघ पाडले, तेही त्याने आपल्या रोजनिशीत कौतुकाने नोंदवलं आहे. मांडूच्या आसपास तेव्हा एका फेरीत चार वाघ निघत होते. आज आपण मांडूला पावसाळ्यात भुट्टे खायला जातो, तेव्हा हे आठवून पाहा.

आकडे इथेच थांबत नाहीत. सरगुजाच्या महाराजांनी आपण साडेअकराशे वाघ मारल्याचं स्वतः सांगून ठेवलं आहे. कोरियाच्या राजाने १९४७ साली रात्रीच्या अंधारात तीन चित्ते मारले, ते भारतातल्या चित्त्याचे शेवटचे पुरावे मानले जातात. १९५२ मध्ये चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. चित्त्याची गोष्ट आपल्या मराठी मुलखालाही लागून आहे. कोल्हापुरात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार चाले. इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून बोटीने आणवले. आणि देवासच्या थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंह १९४७ साली दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून बसले. म्हणजे आपल्या टेकरीखालून एक राजा थेट गव्यांच्या रानात गेला! ते दाजीपूरचं रान, कोल्हापूरकरांचं शिकारीचं राखीव, १९५८ साली अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं ते पहिल्यांपैकी एक.

पुढे संस्थानं संपली. १९४८ मध्ये मध्य भारत झाला, १९५६ मध्ये मध्य प्रदेश. दरबार गेले, शिकारखाने गेले. आता जनावर कुणाचं? कागदावर सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं. सगळ्यांचं म्हणजे काय होतं ते पुढच्या पंचवीस वर्षांत दिसलं. जंगलाचे ब्लॉक पाडले. वन खात्याकडे अर्ज करा, फी भरा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ब्लॉक तुमचा. पूर्वी जे फक्त राजाच्या पाहुण्याला मिळे ते आता वकील, डॉक्टर, ठेकेदार, मास्तर, कुणालाही मिळू लागलं. पीकरक्षणाच्या नावावर बंदुकांचे परवाने निघाले. जीप आली, सर्चलाइट आला. परदेशी शिकाऱ्यांना डॉलर घेऊन वाघ मारून देणाऱ्या कंपन्या आल्या. राजाचा लोभ एकट्याचा होता, त्याच्या जागी हजारो लहान लोभ आले. संस्थानी काळात राखलेली रानं या पंचवीस वर्षांत जास्त वेगाने ओस पडली, असं तेव्हाचे जाणकारच सांगत.

या हजारोंत माझे वडील एक होते.

ते काही मोठे शिकारी नव्हते. सरकारी नोकरी, बारा बोअरची एक दुनळी बंदूक, वर्षातून एकदा डिसेंबरात दोन मित्रांबरोबर जायचं. पुतण्याने विचारलं ना, आजोबा कसं ठरवायचे? असं ठरवायचे : कोणता ब्लॉक मोकळा आहे, मित्राची जीप तिथवर जाते का आणि रजा किती दिवस शिल्लक आहे. १९६७ च्या डिसेंबरात त्यांनी मला पहिल्यांदा बरोबर नेलं. मी अकरा वर्षांचा. खिडकीवर फी भरली, कारकुनाने परवाना लिहून दिला. एक सांबर, नर. तो कागद वडिलांनी दुमडून चष्म्याच्या डबीत ठेवला, एवढं मला लख्ख आठवतं. आज ज्याला पुतण्या काउंटरवरचा परवाना म्हणतो, तो हाच.

कन्नोदच्या बाजूचं सागाचं रान. बरोबर एक कोरकू वाटाड्या होता, त्याला सगळे दादा म्हणत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाल्याच्या पलीकडे सांबर उभं राहिलं. वडिलांनी बार काढला. जनावर गुडघ्यावर आलं, उठलं आणि झाडीत शिरलं. दादाने पानावरचं रक्त बोटाला लावून पाहिलं आणि मान हलवली. पोटात लागलं होतं. अंधार पडेपर्यंत माग काढला. रात्री तळावर कुणी फारसं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत पुन्हा शोधलं. खडकाळ उतारावर माग तुटला. सांबर मिळालं नाही.

मित्र म्हणाले, "अजून दोन दिवस आहेत, दुसरं बघू. परवाना तर तसाच आहे." वडिलांनी चष्म्याची डबी उघडली, कागद काढला आणि म्हणाले, "परवाना एका जनावराचा होता. ते जनावर गेलं." आम्ही परत आलो. त्यानंतर ते शिकारीला गेले नाहीत. त्यावर त्यांनी कधी भाषणही केलं नाही. घरी पुन्हा मटण शिजत होतं, बंदूकही काही वर्षं कोपऱ्यात होती. फक्त डिसेंबरात ते रजा घेईनासे झाले.

यानंतर देशातच वारं फिरलं. १९६९ साली निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेची परिषद दिल्लीत भरली आणि वाघाची अवस्था चव्हाट्यावर आली. वाघाची शिकार बंद झाली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं कान्हा आणि वऱ्हाडातलं मेळघाट ही दोन्ही होती. आपल्याला वाटतं की त्या कायद्याने सगळी शिकार एका दिवसात बंद झाली. तसं नाही. मूळ कायद्यात शिकारीच्या परवान्याची कलमं होती आणि सांबर 'मोठी शिकार' या यादीत होतं. ही कलमं निघून बंदी पूर्ण झाली ती १९९१ च्या दुरुस्तीने. म्हणजे खिडकी कायद्याच्या पुस्तकात आणखी एकोणीस वर्षं उघडी होती.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो शिकलेला मुलगा, गप्प बसणारा नाही. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडे परवान्याने रान संपलं असेल. इथे परवान्यानेच एल्क वाचलाय." आणि त्याचं म्हणणं मी तपासून पाहिलं तर ते बरंचसं खरं निघालं.

गोरे लोक जाण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत एक कोटीच्या आसपास एल्क असावेत, असा अंदाज आहे. मांसासाठी, कातड्यासाठी, दातांसाठी त्यांची अशी कत्तल झाली की १९०० च्या सुमारास लाखभरही उरले नाहीत. मग तिथे बाजारासाठी शिकार करणं बंद केलं. रानातलं मांस विकायचं नाही, म्हणजे नाहीच. जनावर कुणा जमीनदाराचं नाही, ते राज्याने जनतेच्या वतीने सांभाळायचं, हे तत्त्व ठरलं. परवान्याची फी वन्यजीव खात्याकडे जाऊ लागली. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा ११ टक्के करही त्याच कामाला बांधला. आज तिथे सुमारे दहा लाख एल्क आहेत, त्यांतले पावणेतीन लाखांच्या वर एकट्या कोलोरॅडो राज्यात.

म्हणून या मंडळींचा कल कोलोरॅडोकडे. तिथे काही भागांत बंदुकीच्या मधल्या दोन हंगामांचा नर एल्कचा परवाना अजून सरळ काउंटरवर मिळतो. पण ती खिडकीही आता अरुंद होते आहे. धनुष्यबाणाच्या शिकारीचा परवाना बाहेरच्या राज्यातल्या लोकांना २०२५ पासून सोडतीनेच मिळतो, कारण गर्दी फार झाली. वायोमिंगमध्ये बाहेरच्याला सोडत लागते आणि तिथल्या राखीव दुर्गम रानात स्थानिक वाटाड्याशिवाय मोठ्या जनावराच्या शिकारीला पाऊल टाकता येत नाही. कोलोरॅडोत १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा लागतो आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. तीनशे किलोंचं धूड, दहा हजार फुटांवरचा डोंगर, आणि मांस पाठीवरून खाली आणायचं. हाकेवाले नाहीत. एवढं करून बहुतेक लोक रिकाम्या हाताने परततात.

मला हे ऐकून त्या व्यवस्थेबद्दल आदर वाटला, तो मी लपवणार नाही. पण मी त्यालाही एक गोष्ट शोधायला लावली. कोलोरॅडोच्या पश्चिम डोंगरांत आधी राहत कोण होतं? यूट लोक. १८८१ मध्ये त्यांतल्या बहुतेकांना तिथून हलवलं. सगळ्यांचं झालेलं ते रान आधी कुणाचं तरी होतं. आपल्याकडे हाकेवाला मागच्या रांगेत राहिला, तिकडे तो फोटोतूनच गेला.

आणि आपल्याकडेही बंदुकीशिवाय जनावर परत आलेलं आहे. कान्ह्यातला बारशिंगा १९७० मध्ये अवघ्या ६६ वर आला होता. आज तो हजाराच्या वर आहे आणि मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे. कुरणं राखली, काही गावं हलवली, लहान पाडसांसाठी कुंपण घातलं, तेव्हा हे झालं. २०२२ च्या सप्टेंबरात चित्ताही आफ्रिकेतून पुन्हा आला, या वेळी विमानाने, ग्वाल्हेरकरांच्या जुन्या कुनोच्या रानात. पण इथेही किंमत आहेच. गावं हलली ती कुणाची? धारच्या मंडळींना सरदारपूर माहीत आहे. खरमोर, ज्याला महाराष्ट्रात तणमोर म्हणतात, त्या पक्ष्यासाठी १९८३ साली तिथे अभयारण्य झालं. पूर्वी साहेब लोक या पक्ष्याची शिकार ऐन पावसाळ्यात करत, कारण त्या दिवसांत नर मादीला भुलवायला गवतातून वारंवार उंच उडी मारतो आणि आयता दिसतो. आज आपण इथे गणपतीत बसलो आहोत, तेव्हा उरलेसुरले खरमोर त्याच माळांवर उड्या मारत असतील. पण त्या अभयारण्यात शेतकऱ्यांच्या जमिनी आल्या आणि कित्येक वर्षं त्यांना त्या विकता येईनात. मुलीचं लग्न काढायचं तर जमीन कुणी घेईना. पक्षी आपल्या सगळ्यांचा आणि भार त्या गावांचा. आपल्या देवास-शाजापूरकडच्या शेतकऱ्यालाही विचारा, रोझडे आणि काळवीट रात्रीतून हरभऱ्याचं काय करतात ते. २०२५ मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टर लावून शेकडो काळवीट हाकून दुसऱ्या रानांत नेऊन सोडले. मारायला नव्हे, वाचवायला केलेला तो हाका होता. ढोलाच्या जागी हेलिकॉप्टर आलं, एवढाच फरक.

तेव्हा पुतण्याला मी शेवटी काय सांगितलं? जाऊ नकोस, असं मी म्हणालो नाही. तिथला कायदा त्याला परवानगी देतो आणि आपल्या घरच्या ताटात मांस असताना मी त्याला अहिंसेचा पाठ देणं शोभलंही नसतं. मी म्हणालो, "राज्य निवडताना एल्क किती आहेत, परवाना किती डॉलरला आहे, हे तुमचे मित्र पाहतीलच. तू तीन गोष्टी विचार. तिथे ते जनावर कुणाचं मानतात? तुझ्या हौसेसाठी श्रम आणि धोका कोण उचलतं? आणि तुझ्या गोळीने जनावर नुसतं जखमी झालं, तर त्याच्या मागे तू किती लांब जाशील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं राज्याच्या नियमांत सापडतील. तिसऱ्याचं नियमांत नाही. ते आजोबांनी चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं."

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारलं, "आजोबांनी शिकार का सोडली, हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, "तुझे बाबा तेव्हा पाच वर्षांचे होते. त्यांना माहीत नसेल."

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात आहे. तो जाणार आहे की नाही, हे अजून ठरलेलं नाही. अभ्यासक्रमाला मात्र त्याने नाव घातलं आहे. त्यात नेम धरण्याइतकाच वेळ गोळी कधी झाडू नये यावर देतात, असं त्याने परवा कळवलं.

आता आपल्यापुरतं एक मागणं, आणि थांबतो. होळकरांच्या वेळी ज्या रानासाठी देवासकराला दुसऱ्याचं दार वाजवावं लागे, ते आता आपल्याच जिल्ह्यात आहे. खिवनी अभयारण्य १९५५ पासून आहे. साधारण १३० चौरस किलोमीटर सागाचं रान, तिथे सांबर आहे, चितळ आहे, बिबट्या आहे, वाघही आहे. आपल्यातले निम्मे लोक ताडोब्याला जाऊन आले, रणथंबोरला जाऊन आले. खिवनीला किती जण गेले? हात वर करा. पाहा, सात-आठच.

पावसाळा संपल्यावर मंडळाने एक बस काढावी, असं मी कार्यकारिणीला लेखी दिलं आहे. तिकीट गेटवरच्या खिडकीवर मिळतं, सोडत लागत नाही. धारकरांनीही यावं आणि पुढच्या पावसाळ्यात आम्हाला सरदारपूरला न्यावं, तिथल्या शेतकऱ्यांशी बोलणं करून द्यावं. बरोबर मुलांना घ्या. वाटाड्या गावातलाच घ्या, त्याला चांगले पैसे द्या आणि फोटो काढाल तेव्हा त्याला पुढच्या रांगेत उभं करा.

सांबर दिसेलच असं नाही. दिसलं तर संध्याकाळी, नाल्याच्या पलीकडे दिसेल. ते आपल्याकडे पाहील, कान उभे करील आणि झाडीत जाईल. त्याला जाऊ द्या.

 गणपती बाप्पा मोरया!